भुसकटाची पाटी

आमची म्हैस लय नखऱ्याची. हिवाळाभर हिरवा घास खाल्लेला, त्यामुळं ऊन तापायला लागलं की कडब्याला तोंड लावायची नाही. ताडकळसच्या अलीकडं आमचं गाव. विहिरीचं पाणी आटलं की हिरवं काही उरायचं नाही. म्हैस मात्र मान वळवून रस्त्याकडं बघत उभी राहायची, कुणी भारा घेऊन येणारच आहे अशी.

माय तिच्यावर ओरडायची नाही. पाटीभर सोयाबीनचं भुसकट आणून कडब्याशेजारी ठेवायची. म्हैस त्यात नाक घालायची, फुर्र करून उडवायची आणि वळून मुकाट कडबा खायला लागायची.

"कडबा तर कालचाच हाय की," मी म्हणायचे.

"कडबा तोच. शेजार बदलला. जनावर एकटी वस्तू बघत न्हाई गं. हिच्यापरीस ती कशी, एवढंच बघतंय."

नववीनंतर माझी शाळा सुटली. दहावीला दुसऱ्या गावी जावं लागायचं, एसटी बंद झालेली, आणि पोरीनं एवढं पायी जावं हे अण्णांना, माझ्या वडिलांना, पटेना. मावशी वापीला शिवणकाम करायची. "पाठवा हिला. काम शिकवते, दहावीचा फॉर्म बाहेरून भरू," असं ती फोनवर सांगायची. अण्णांचं एकच, परमुलखात पोरगी ठेवायची न्हाई. नोकरीवाला जावई येईल म्हणून ते वाट बघत होते.

त्याच उन्हाळ्यात मानवतकडचं एक स्थळ आलं. नवरदेव चाळिशीला टेकलेला, पहिली बायको वारलेली, दोन लेकरं. मला पंधरावं चालू. माय नाही म्हणेल असं वाटलं होतं. तिनं त्यांना चहाला बोलावलं. मी चुलीपाशी सरपणाला टेकून रडायला लागले, तर म्हणाली, "डोळे पूस. साखर बरी टाक." माझी मायच मला लोटायलीय, असं वाटलं मला.

पाहुणा बैठकीत बसला आणि अण्णांना "मामा" म्हणाला. दोघांचे केस सारखेच पिकलेले. काकू दारातूनच बोलली, "भावजी, ह्यो जावई हाय का व्याही?" कुणी हसलं नाही. अण्णांनी कप खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशीला पाणी दाखवताना, मायीकडं न बघता ते म्हणाले, "तुझ्या बहिणीला फोन लाव. वापीची गाडी कवा असती, इचार."

आज वापीत माझी स्वतःची मशीन आहे. दहावी झाली, दुसऱ्या खेपेला का होईना. मावशीचे उपकार फिटायचे नाहीत, आणि मायीचे तर बोलायचंच काम नाही. तरी एक गोष्ट मनातून जात नाही. त्याच उन्हाळ्यात माय एकदा लग्नाला गेली होती आणि म्हशीला वैरण टाकायचं मी विसरले. दुपारी कडबा आणि भुसकट दोन्ही पुढं ठेवलं. भुकेली म्हैस आधी भुसकटावर तुटून पडली. पाटी चाटून साफ केली, कडब्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी ते मायीला कधी सांगितलं नाही. अजूनही गिऱ्हाईक दोन लेसमध्ये अडकलं की मी तिसरी, हलकी काढून दाखवत नाही. भीती वाटते.

गेल्या महिन्यात फोनवर विचारून टाकलं. "माय, अण्णांनी हो म्हणलं असतं तर?"

मागं शेळी ओरडत होती.

"गठुडं बांधून ठिवलं होतं मी," ती म्हणाली. "तुझे दोन ड्रेस आन माझी दोन लुगडी. सरपणामागं."

त्या सरपणालाच टेकून मी रडत बसले होते.