युसूफभाईंचा ‘ला’

युसूफभाई मुलाणी गेल्याचं मला पौडच्या एसटी स्टँडवर कळलं. त्यांची मुलगी जरीना समोर आली आणि म्हणाली, “सर, अब्बा गेले... काल दुपारी जेवून जरा पडले, ते उठलेच न्हाईत.” त्याला आता पाच आठवडे झाले.

युसूफभाई मूळ उरवड्याचे. तरुणपणी सिंगापूरला गेले, तिथल्या गोदीत पंधरा वर्षं जहाजांचं वेल्डिंग केलं आणि वडील आजारी पडले म्हणून परतले. मी तेव्हा हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत होतो. त्यांचं इंग्रजी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. “मास्तर, ईट ऑलरेडी?” म्हणजे जेवलात का. “कॅन ला!” म्हणजे जमेल की. त्यावर शेजारचे गेनबा विचारायचे, “ह्या कॅनला झालं तरी काय?”

त्याच सुमारास गावाजवळ एक कारखाना निघाला. वेल्डिंगला फोरमन हवा होता, मुलाखत इंग्रजीत होणार होती. युसूफभाई माझ्याकडे आले. मी आठ दिवस त्यांच्याकडून घोटून घेतलं. ‘ला’ अजिबात नको, काळ सांभाळा, उत्तर पूर्ण वाक्यात द्या... मुलाखतीत साहेबांनी विचारलं, जाड पत्रा जोडता येईल का? जहाजं जोडलेला हा माणूस मनात पूर्ण वाक्य जुळवत गप्प उभा राहिला. नोकरी दुसऱ्याला मिळाली.

“ ‘कॅन’ एवढंच व्हटावर आलं व्हतं, मास्तर,” ते म्हणाले. “पर तुमी न्हाई म्हनला व्हता.”

पुढं त्यांनी पौडला वेल्डिंगचं दुकान टाकलं. मी शाळा सुटल्यावर तिथं जाऊन बसू लागलो. आधी शरमेपोटी, मग कुतूहलापोटी. एकदा त्यांच्यासारखं बोलायला गेलो, “यू कमिंग ला?” तर हातातलं काम थांबवून ते खो खो हसले.

“चूक! असं इचारताना ‘ला’ न्हाई लावायचा. तितं ‘आ’ म्हनायचं. आन् मनात शंका आसंल तर ‘मे’. ‘कॅनॉट मे?’ म्हंजी, जमत न्हाई? खरंच?”

मी थक्क झालो. ज्या बोलण्यात चूक काढता येते, त्याला नियम असणारच. “हे शिकवलं कुणी?” मी विचारलं.

“कुनी न्हाई. मुकादम चिनी, हेल्पर मलायी, जोडीदार तमिळ, मी हितला. काम तर करायचं व्हतं.”

‘ऑलरेडी’ म्हटलं की काम झालेलं कळतं, मग क्रियापद कशाला बदलायचं? आणि आपण ‘ये की’, ‘ये ना’, ‘ये बरं का’ म्हणतो, त्याचे नियम मी तरी कुठल्या वर्गात शिकलो होतो? घरी जाताना वाटभर मी हेच घोळवत असे.

मुलाखतीबद्दल मात्र आम्ही पुन्हा कधी बोललो नव्हतो. ते जाण्याच्या महिनाभर आधी, दुकानाच्या दारात उभा असताना, मी एकदाचं म्हणून टाकलं, “युसूफभाई, ती नोकरी माझ्यामुळं गेली.”

त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा वर सरकवला.

“नेवर माइंड ला.”

नुसतं ‘नेवर माइंड’ म्हणाले असते, तर विषय तिथंच मिटला असता आणि मी घरी गेलो असतो. त्या ‘ला’मध्ये मात्र ‘सोडा की आता, बसा’ असं सगळं होतं. मी आत जाऊन बसलो.