हात तिचे, तोंड माझं

आमच्या गावात टीव्ही एकच होता, ग्रामपंचायतीच्या कपाटात कुलूपबंद. त्यात आमचं अंगण दिसणार म्हटल्यावर मी काय काय थेरं केली, ती आठवून माझं मलाच हसू येतं. हसू संपलं की बाकीचं आठवतं.

पळसदरी स्टेशनापासून तासाभराच्या चालीवर आमचं गाव. महिला मंडळानं तांदळाच्या भाकरीची स्पर्धा ठेवली आणि ती टिपायला मुंबईहून टीव्हीवाले आले. आमच्या अंगणात चार चुली मांडल्या. एकीपुढं माझी मोठी जाऊ, शेजारच्या चुलीपुढं मी. जाऊ रोजच्या लुगड्यात बसली. मी लग्नातला शालू नेसून, तोंडाला पावडर थापून. धुरानं काजळ गालावर उतरलं. उकड मला कधी जमलीच नव्हती. पहिली भाकरी काठाला फाटली, दुसरी तव्याला चिकटली, तिसरीच्या वेळी टीव्हीवालाच म्हणाला, राहू द्या बाई. जाऊची मात्र एकेक भाकरी टम्म फुगत होती.

ऐन रंगात शेजारची शेळी आली आणि तिनं जाऊच्या परातीत तोंड घातलं. जाऊ ओरडली, "मेले, तोंड घालायला लाज नाय वाटत? हो बाहेर!" सगळे हसले, टीव्हीवालेसुद्धा. बक्षिसाचा स्टीलचा डबा जाऊलाच मिळाला. दुपारी ती विहिरीवर भांडी घासायला गेली, तेव्हा त्यांनी सासूबाईंना अंगणात बसवून भाकरीचा तुकडा मोडून खायला लावला आणि तेही टिपून घेतलं.

त्याच सुमारास गावात बालवाडी सुरू व्हायची होती. बायकांत सातवी पास आम्ही दोघीच. ताई म्हणून सगळ्यांनी जाऊचंच नाव धरलं होतं, कारण गावची पोरं कायम तिच्या ओट्यावर असायची. तिला स्वतःचं नव्हतं. तिनं नेसायला दोन पातळंसुद्धा वेगळी काढून ठेवली होती.

दोन आठवड्यांनी संध्याकाळी सगळा गाव पंचायतीपुढं बसला. पडद्यावर दोन हात भाकरी थापत होते. भाकरी फुगली, आणि लगेच डोक्यावर पदर घेतलेली मी, गोड हसणारी. बायका माझ्याकडं वळून बघायला लागल्या. त्या हातांच्या मनगटावर तुळशीचं गोंदण होतं. गोंदणारी आली तेव्हा मी सुईच्या भीतीनं कणगीमागं लपले होते, माझे हात कोरे ते कोरेच. पण भाकरी फुगलेली असताना मनगट कोण बघतो?

मग सासूबाई दिसल्या, भाकरीचा घास घेताना. आणि त्यांच्यामागोमाग जाऊचं लालबुंद तोंड: "मेले, तोंड घालायला लाज नाय वाटत? हो बाहेर!"

शेळी कुठंच नव्हती.

गाव गप्प झाला. शेळी ज्यांनी डोळ्यांनी पाहिली होती तेही गप्प झाले. घरी येताना मागून कुणीतरी म्हणालं, म्हातारीला घास गोड लागू देत नाय ही. सासूबाईंनी पहिले दोन दिवस सांगून पाहिलं की मला काय बोलली नाय ती. पण ज्याला त्याला त्यांची कीव यायला लागली. कुणी चहाला बोलवी, कुणी हातात केळं ठेवी. आठवडाभरात त्या पदरानं डोळे टिपून म्हणायला लागल्या, "जाऊ दे, सुनेचा स्वभावच तसा."

आणि मी? मीही हळूहळू आठवू लागले की जाऊचा आवाज तसा चढाच, मला एकदा दळणावरून बोललीच होती. खरं सांगते, महिनाभरात मला स्वतःलाही भाकऱ्या येतात असं वाटायला लागलं होतं. एवढी ती अक्कल.

बालवाडीसाठी पंचायतीत बैठक झाली. माझं नाव पुढं आलं. सरपंचांनी विचारलं, कुणाला काही म्हणायचंय का. जाऊ दाराशी उभी होती. मी शालूचा पदर नीट करत होते. हो, तोच शालू.

मी एकोणीस वर्षं ताई होते. ती दोन पातळं जाऊनं कधी नेसली नाहीत. त्यांच्या गोधड्या केल्या, आणि बालवाडीत पोरांना बसायला दिल्या.

तिनं भांडण कधी काढलं नाही. एकदाच, पहिल्या वर्षी, मी तिच्या चुलीवरची भाकरी खात असताना, पाठ न वळवता म्हणाली, "तोंड तुझं दाखवलेलं ना गं त्यांनी? मग बैठकीत ते उघडलं का नाय?"

मी घास गिळला. भाकरी नेहमीसारखीच झाली होती.