डब्ल्यूच्या रकान्यातले पैसे

अमेरिकेत औषधपाण्यासाठी करमुक्त पैसे साठवायचं जे एचएसए खातं असतं, त्यात तुम्ही मर्यादेपेक्षा जास्त भरलेत, दंड पडेल, असं टॅक्सचं सॉफ्टवेअर तीन दिवस मला लाल अक्षरांत सांगत होतं. त्याच्याच वर हिरव्या अक्षरांत एवढी बचत केल्याबद्दल माझं अभिनंदनही करत होतं. मी वर्षभर पगारातून मोजूनमापून कापून घेतले होते. शेवटी वैतागून जास्तीचे पैसे काढून घ्यायचा फॉर्म भरायला बसलो.

बायकोने माझा डब्ल्यू-टू, म्हणजे कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा दाखला, उचलला. "इथे डब्ल्यू लिहून आकडा आहे, तो कुणाचा?"

"कंपनीचा. सॉफ्टवेअर त्याला 'एम्प्लॉयर कॉन्ट्रिब्यूशन' म्हणतंय ना! माझे मी खाली वेगळे लिहिलेत."

"अरे, हा काय पुण्यातला पीएफ आहे, तुझा हिस्सा वेगळा आणि कंपनीचा वेगळा दाखवायला? यात दोन्ही आले. तू स्वतःचेच पैसे दोनदा लिहिलेस."

मी खालचा आकडा पुसला. लाल अक्षरं गेली, दंडही गेला. माझ्या पगारातून कापलेल्या पैशांना इथे कंपनीचं योगदान म्हणतात, हे मात्र कुठल्याच रंगात लिहिलेलं नव्हतं.