कुंकवाखालची वायर

त्या दिवशी मी देवीवर चिडलो होतो, हे आधीच कबूल करतो. भक्ताने असं बोलू नये म्हणतात. पण झालं ते झालं, लपवून काय करू?

नव्वद सालाच्या आगेमागे मी भिवंडीत एका कापडाच्या लूमवाल्या शेठकडे ड्रायव्हर होतो. शेठनी नवी गाडी घेतली आणि जुनी मला देऊन टाकली. "तुझ्या हाताची सवय आहे तिला, तूच सांभाळ," म्हणाले. लांबलचक विलायती गाडी, ऑटोमॅटिक गिअर, मखमली सीट, बटण दाबलं की काच खाली. टेमघरच्या आमच्या गल्लीत ती वळायचीसुद्धा नाही. शेजारी चिडवायचे, "दारात हत्ती बांधलास लेका, आता बस सेवा करत!" मी वरवर हसायचो, पण खरं सांगू का, मला तिचा भारी अभिमान होता.

तिचा रोग एकच. किल्ली फिरवावी तर कधी सुरू, कधी नुसतं टक्‌टक्‌. दिवे मिणमिणायचे, हॉर्न म्हाताऱ्यासारखा खोकायचा. मेकॅनिकने बॅटरी बदलली, सेल्फ स्टार्टर उतरवून पुन्हा बसवला. फरक काडीचा नाही. शेवटी मी वज्रेश्वरी आईलाच साकडं घातलं. बॅटरीजवळ एक जाड काळी वायर गाडीच्या पत्र्याला बोल्टने आवळलेली होती. गाडीचा जीव तिथेच, अशी माझी समजूत. दर मंगळवारी बॉनेट उघडून त्या बोल्टवर हळदकुंकू लावायचो, नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडायचो. गाडी जितकी अडायची, तितका मी कुंकवाचा थर वाढवायचो.

माझी बायको सुनंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, गणेशपुरीजवळच्या गावात. एका सकाळी मी तिला भेटायला गेलो आणि नेमक्या तेव्हाच तिला कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आधीच. सुईणीने पोट चाचपलं आणि तिचा चेहरा उतरला. "बाळ आडवं हाय. ह्ये माझ्या हातचं काम न्हाय. भिवंडीला न्या, आत्ताच्या आत्ता." एसटी नुकतीच निघून गेलेली. गाडी मात्र पहिल्या किल्लीला सुरू झाली. सासूबाई मागच्या सीटवर लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. आई पावली, असं मी मनात म्हटलं.

अंबाडीच्या अलीकडे म्हशींचा कळप रस्त्यावर आला. मी ब्रेक मारला आणि इंजिन बंद पडलं. किल्ली फिरवली, टक्‌. पुन्हा फिरवली, तेवढंही नाही. शेतातली चार माणसं धक्का द्यायला धावली, पण ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगू? रस्त्यावर दुसरं वाहन दिसेना. मागे सुनंदा ओठ आवळून कण्हत होती. मी बॉनेटवर मूठ आपटली आणि मोठ्याने ओरडलो, "आई, एवढं कुंकू वाहिलं ते या दिवसासाठी का?" आजही ते आठवलं की लाज वाटते.

तेवढ्यात स्कूटरवरून एक वयस्कर गृहस्थ आले. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, खांद्याला अवजारांची पिशवी. बोलणं आमच्याकडच्या कोकणी मुसलमानांचं. म्हणाले, "मी लूमच्या मोटरी दुरुस्त करतो. बघू तरी." बॉनेट उघडून ते वाकले. "बेटरी नवी हाय, मग दम कुठं जातो?" वायर बोटाने चाचपत त्या बोल्टपाशी आले आणि थांबले. "भाऊ, रोग इथं हाय. आधीचा गंज असंल, त्यात नारळाच्या पाण्यानं आतून पार सडलंय, करंटला परतायला वाटच न्हाय. ह्ये खरवडून साफ करायला पायजे." मग पिशवीतून सुरी आणि पॉलिश पेपर काढून माझ्या हातात ठेवला. "मी न्हाय हात लावणार. तुमची पूजा हाय ती. तुमच्याच हातानं काढा."

बायको अशा अवस्थेत आणि मी देवीचं कुंकू खरवडू? सासूबाई आतून ओरडल्या, "जावईबापू, आज नको हो! अपशकुन होईल!" तेव्हा सुनंदाच कळ सोसून बोलली, "अहो, काढा! आई एवढ्यातेवढ्यावर रुसते का? माझ्या बाळापेक्षा तो बोल्ट मोठा आहे का?"

मी खरवडलं. लाल थराखाली हिरवा गंज होता, त्याखाली निम्मी कुरतडलेली वायर. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात चालत होते. चाचांनी उरलेली वायर घासून चकचकीत पत्र्यावर घट्ट आवळली. किल्ली फिरवताच इंजिन धडधडलं. मी वाकून त्यांच्या पायाला हात लावणार, तर त्यांनी मला सीटवर ढकललंच. "पाया नंतर पडा, पोरीला पोचवा आधी." घाईत त्यांचं नाव विचारायचंही राहिलं. पुढे किती लूमच्या कारखान्यांत चौकशी केली, पण ते भेटले नाहीत.

दवाखान्यात सुनंदाला ऑपरेशनला नेलं. मी गाडी दारात चालूच ठेवली होती. इंजिन चालू आहे तोवर तिचा श्वास चालू आहे, असं काहीतरी खुळ्यासारखं मनाने धरलं होतं. थोड्या वेळाने एक सिस्टर बाहेर आल्या, "ती गाडी कोणाची हो? सगळा धूर वॉर्डात येतोय. बंद करा."

मी जाऊन सीटवर बसलो. किल्लीवर हात ठेवला, पण तो फिरेना. वर्षभर मी देवीला नुसता हुकूमच सोडत होतो, ही गाडी चालव, ते कर, आणि त्यालाच भक्ती म्हणत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा काही मागितलं नाही. म्हटलं, आई, सुनंदा तुझी, बाळही तुझं. मला यातलं काही कळत नाही. आणि गाडी बंद केली.

आत आलो तर सासूबाई रडत उभ्या होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत." मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसलो आणि हात जोडले, आधी वज्रेश्वरी आईला, मग त्या चाचांना.