गव्हाशिवायचा पाव आणि इनासकाका

इनासकाका परवा गेले, आणि ऐकल्याबरोबर मला रडू आलं नाही. भीती वाटली.

आता सईचा पाव कोण करणार?

लिहायला लाज वाटतेय, पण पहिलं तेच मनात आलं.

माहीत नसलेल्यांसाठी सांगते. सई माझी मुलगी, आठ वर्षांची. तिला सेलिअक आहे. गहू, मैदा, रवा यातलं ग्लूटेन चिमूटभर जरी पोटात गेलं तरी आतडं सुजतं. डॉक्टरांनी हे सांगितल्यापासून मला स्वतःच्याच स्वयंपाकघराची भीती वाटते.

घावणे, आंबोळ्या ती आवडीने खाते. पण शाळेत मैत्रिणींच्या डब्यात पाव दिसायचा, आणि आमच्या बाईसाहेबांचा हट्ट एकच. मला पण पाव.

इनासकाका जामसंड्यातले आमचे शेजारी. चाळीस वर्षं मैद्याचे पाव भाजून, बेकरी बंद करून घरी बसलेले. मी विचारलं तर हसले. गव्हाशिवाय पाव म्हणजे खोबऱ्याशिवाय मालवणी जेवण, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर.

मी म्हटलं, भट्टी परत पेटवू या का? ऐकेनात.

"भट्टीत काय, कोणव करीत. घरच्या ओव्हनात जमाक व्हया. उद्या दुसऱ्या खंयच्या आवशीक करूचो पडलो तर?" आवस म्हणजे आई.

पहिला लोफ म्हणजे वीट. दुसरा वरून फुगला, आत नुसता चिखल. तिसरा बाहेर काढताच मटकन बसला.

चक्कीवर आधी कुणाचे गहू दळलेले असतात, म्हणून घरघंटी आणली. धुऊन वाळवलेले तांदूळ, थोडी नाचणी, भिजवून बुळबुळीत केलेला इसबगोल. हे पीठ मळायचं नाही, साच्यात ओतायचं. मळण्यात जन्म गेलेल्या हातांना ते शिकायला सहा महिने लागले.

मग एके दिवशी जमला. खरंच जमला हो. मऊ, जाळीदार. सईने दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा मागितला.

संध्याकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. पोट धरून, गुडघे छातीशी घेऊन पडली होती.

यीस्ट, पिठं, पाकिटं, सगळं पुन्हा तपासलं. कुठेच काही सापडेना. काका खुर्चीत बसून ओट्याकडे बघत होते. मग हळूच म्हणाले,

"साचे माजे गो."

माझ्या नव्या साच्याला पाव चिकटतो म्हणून त्या दिवशी त्यांनी बेकरीतले आपले जुने काळे साचे आणले होते, घासूनपुसून. जुना साचा पाव सोडतो, हे पाववाल्यांचं शहाणपण. पण त्याच्या कोपऱ्यांत चाळीस वर्षांचा मैदा भाजून बसला होता.

सई दोन दिवसांनी उठली. काका आठवडाभर फिरकले नाहीत. शेवटी मीच गेले. सगळे साचे त्यांनी भंगारात दिले होते.

मी म्हटलं, काका, पुरे झालं. मला भीती वाटते.

"माकाव वाटता गो. भय आसा म्हणानच आता हात जपान चलतलो."

त्यानंतर दर रविवारी आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून यायचे. त्या सकाळी स्वतःचा चहापावसुद्धा सोडायचे. ओट्यावर ठेवायच्या प्रत्येक वस्तूवरचं लेबल मला मोठ्याने वाचायला लावायचे. शेवटच्या महिन्यात श्वास पुरेना, तेव्हा फोनवरून ऐकायचे. मध्येच म्हणायचे, परत वाच.

काल त्यांना माती देऊन आले तर सई विचारते, "आई, आता पाव नाही ना मिळणार?"

आज सकाळी एकटीने केला. एकेक डबा उचलून मोठ्याने वाचला. यीस्ट तीनदा मोजलं.

दुपारी सईने खाल्ला. आता चार तास झालेत. ती अंगणात खेळतेय आणि मी पायरीवर बसून मिनिटामिनिटाला तिच्या तोंडाकडे बघतेय.

कृती कमेंटमध्ये लिहिली आहे, साच्यांच्या चुकीसकट. कुठल्यातरी आईला लागेल.

काका, तुम्ही आता स्वस्थ निजा.

घाबरायला मी आहे.