दोन पट्ट्या वर

मोहाचा वास आला की मला अजून बाबांचा काळा कोट आठवतो. बाबा झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवायचे आणि सुपारीपलीकडचं व्यसन त्यांना नव्हतं. ते गेल्यावर कंपनीच्या लेखकाने त्यांच्यावर नाटक लिहिलं, आईकडून तो कोट मागून नेला आणि स्वतःच बाबा होऊन स्टेजवर उतरला. कोटावर मोहाची दारू शिंपडून तो नाटकातल्या बायकोला लाथा मारायचा. "माहे बाबा पेत नव्हते," मी म्हटलं. "दारुड्या नसन तं लोक रडतीन कायले?" तो हसला. साथीला ऑर्गनवर मीच होतो. चामोर्शीच्या प्रयोगाला आई समोर बसली होती. त्याचं मरतानाचं गाणं आलं तेव्हा मी ठरलेल्या सुरापेक्षा दोन पट्ट्या वरचा सूर धरला. पहिल्याच तानेला त्याचा आवाज फाटला, आणि रडायला आलेला मंडप शिट्ट्या मारून हसला. आईने विंगेत येऊन त्याच्या अंगावरून कोट उतरवून घेतला. जाताना मला एवढंच म्हणाली, "आणखी एक पट्टी चढवाची होती." तो आजही वडशाच्या चौकात भेटतो. मी दरवेळी अदबीने म्हणतो, "भाऊ, एखादं गाणं होऊ द्या, साथीले मी आहो."