परत येण्याचं कारण

बाइंडरकाकांनी आयुष्यात एकदाच परदेशी जायचं मनावर घेतलं, तेही थोरल्या बहिणीसाठी. अक्का लग्न होऊन युरोपात गेली त्याला तीस वर्षं झाली होती. आता तिचे गुडघे थकले होते, प्रवास झेपत नव्हता. "तूच ये बाबा," ती फोनवर म्हणाली, "एकदा डोळे भरून बघू दे."

काका एकटे. जुनी पुस्तकं उसवायची, नव्याने शिवायची, पुठ्ठा चढवायचा, यातच साठी उलटलेली. दुकान भाड्याचं, वरची खोलीही भाड्याची. त्यांनी अक्काचं निमंत्रण, बँकेचे कागद, विमा, जायचं-यायचं आरक्षण सगळं क्रमाने लावलं आणि हाताला सवय म्हणून कडेने शिवूनही टाकलं. व्हिसा केंद्रातल्या मुलीने कपाळाला हात लावला.

"काका, सुटे कागद लागतात. स्कॅन कसं करू मी?"

काकांनी तिच्याकडूनच कात्री मागून घेतली आणि रांग खोळंबवून एकेक टाका उसवला.

तीन आठवड्यांनी पासपोर्ट परत आला. सोबतच्या छापील कागदावर एका चौकोनात फुली होती: मुदत संपल्यावर अर्जदार परत जाईल याची खात्री वाटत नाही.

"मनाला लावून घेऊ नका," शेजारच्या दुकानातला चष्मेवाला म्हणाला. "सगळ्यांना तेच छापून देतात."

"छापील असलं तरी खोटं कुठे आहे? मी नाही आलो परत, तर कुणाचं काय अडणार?"

पुढे न्यायालयाच्या ग्रंथालयातल्या बाई काकांच्या दुकानात आल्या तेव्हा चष्मेवाल्याने ही गोष्ट त्यांच्या कानावर घातली. बाई खमक्या. त्यांनी सरळ विचारलं, "आमचे किती खंड आहेत तुमच्याकडे?"

"एक्केचाळीस. निम्मे उसवलेले."

"मग ते कोण शिवणार? हाताने शिवणारं दुसरं उरलंय कोण?"

त्यांनी ग्रंथालयाच्या कागदावर तेवढंच लिहून दिलं: काम अर्धवट आहे, ते दुसऱ्या कुणाला जमणार नाही, आम्ही यांची वाट बघतो आहोत. शेवटचं वाक्य काकांनी तीनदा वाचलं. इतकी वर्षं बाई यायच्या, खंड मोजून न्यायच्या. यापलीकडे काही असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

दुसऱ्या अर्जाला ते पत्र जोडलं. बावीस दिवसांचा व्हिसा मिळाला. काका गेले, आणि तेविसाव्या दिवशी दुकान उघडून बसलेही.

दीड वर्षाने अक्का गेल्याची बातमी आली, तेव्हा पुन्हा अर्ज करण्याइतका वेळ हातात नव्हता. चष्मेवाला दुकान तसंच टाकून शेजारी येऊन बसला. काका त्याला तिच्या स्वयंपाकघरातली खिडकी सांगत राहिले. खाली ट्रामचा थांबा होता. दोघं भावंडं सकाळभर त्या खिडकीपाशी बसायची, बोलणं संपलं तरी.